एका शेपटीचे तीन मासे

१

सोमवारी सकाळी नाळगावच्या घाटावर जी घाण सुटली होती, तिला नुसता वास म्हणणं म्हणजे तिचं कौतुक करणं होतं. शिवगंगा कोरे जीपमधून उतरली ती नाकाला पदर लावूनच. मत्स्य खात्यात चोवीस वर्षं काढलेली बाई. ज्या लिंगायत घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही त्या घरातून आलेली, तरी मेलेल्या माशाची तिला एव्हाना सवय झाली होती. आज मात्र पदर नाकावरून हटेना.

कोल्हापूरपासून बारा किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठचं हे गाव. हिवाळा असल्यानं बंधाऱ्याला बरगे घातलेले, म्हणजे खांबांच्या मधे फळ्या अडकवून पाणी अडवलेलं, त्यामुळं मागचा डोह तुडुंब. त्या तुडुंब पाण्यावर, घाटाच्या पायऱ्यांना लागून, पांढरी पोटं वर करून साठ-सत्तर मोठे मासे तरंगत होते. मधून मधून कागदी पेले, पत्रावळ्या, फुटके फुगे. वर दोन बांबूंना फ्लेक्स ताणलेला: ‘नदी आमची आई. भव्य गळ स्पर्धा.’ खाली सतरा जणांचे फोटो. नदीचा एकही नव्हता.

घाट समितीचे अध्यक्ष अमरसिंह इंगवले पुढं आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. घाटावर भाड्यानं फिरणाऱ्या फायबरच्या बोटी यांच्याच.

“या मॅडम, या. बघा काय करून ठेवलंय त्या हरामखोरानं. काल एवढी मोठी स्पर्धा घेतली आम्ही. गळाला लागलेला मासा वजन करायचा आणि जिवंत परत सोडायचा, ही तुमच्या खात्याची अट. शंभर टक्के पाळली की. आणि रातीत ह्यानं विष कालवलं.”

“ह्यानं म्हणजे कोणी?”

“पिराजी भोई. जाळंवाला. स्पर्धेसाठी चार दिवस त्याचं जाळं बंद ठेवलं हुतं, त्याचा राग. सकाळी त्याची होडी पायरीला लागलेली हुती, आणि होडीत औषधाचा डबा. उसावर फवारायचं औषध, मॅडम. होडी वर वढून ठेवलीया आम्ही.”

बोलता बोलता त्यांनी एक कागद पुढं केला. टाइप केलेला पंचनामा. ‘विषप्रयोगाने मृत्यू’ असं लिहून झालेलं, पिराजीचं नाव घालून झालेलं. खाली शिवगंगेच्या सहीपुरती जागा मोकळी.

“चारला हितं घाटावरच ग्रामसभा हाय,” अमरसिंह म्हणाले. “पिराजीचा परवाना रद्द करा म्हणून ठराव, आणि पाणवाटेला फाटक. कोन बी उठतंय आणि नदीवर येतंय म्हणून हे होतंय. उद्यापासनं तिकीट काढायचं, आत यायचं. तुमची सही तेवढी मिळाली की झालं.”

पाणवाट म्हणजे गावातून दोन उसांच्या मधून नदीपर्यंत उतरणारी पायवाट. धुणं घेऊन बाया, म्हशी घेऊन गडी, पोहायला पोरं आणि जाळी घेऊन भोई, सगळे त्याच वाटेनं यायचे. तिच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब उभे होते. सिमेंट अजून ओलं होतं. ठराव चारला व्हायचा होता, खांब आधीच रोवून तयार.

शिवगंगेनं कागद घेतला नाही. ती पायरीवर बसली, एक मासा उचलला, त्याचा जबडा बोटांनी फाकवला आणि आत पाहिलं. मग दुसरा उचलला. मग तिसरा. सातव्या माशाला हात घातला तेव्हा अमरसिंहांनी रुमाल नाकाला लावला.

प्रत्येक माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात एक बारीक, फाटलेलं भोक होतं.

तिनं हात धुतले. पायरीच्या फटीतून एक खेकडा तिच्याकडं डोळे रोखून बघत होता, चांगला ठणठणीत. बोटाएवढी मासोळी पाण्यात भिजलेल्या भाकरीच्या तुकड्याला टोचत होती.

“सही नंतर करते,” ती म्हणाली. “तोवर ह्यातला एक मासा जरी हलला, तर तुमच्यावर गुन्हा नोंदवायला लावीन.”

२

पिराजीला मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. शेजारी पोलीस पाटील. पिराजी पंचावन्न वर्षांचा, हाडांचा माणूस. सदऱ्याची एक बाही खांद्यापासून उसवलेली, आणि सदऱ्यावर कुणीतरी पान खाऊन थुंकलेलं. ते त्यानं पुसलंही नव्हतं. पाटलाच्या तोंडात अजून पान होतं. शिवगंगेला मघाच्या माशांपेक्षा ह्याची जास्त शिसारी आली.

“विष घातलंत?” तिनं सरळ विचारलं.

“मॅडम, मी त्याच पान्यातला मासा इकतो. उरला की त्योच घरात शिजतो. त्यात इष घालून मी खाऊ काय?”

“होडीत डबा सापडला म्हणतात.”

“होडी माझ्यापाशी हायच कुठं? बेस्तरवारी समितीनं न्हेली. स्पर्धेत मधी येऊ ने म्हनून बोटींच्या पत्र्याच्या शेडात कुलूप घालून ठिवली. परत गावलीच न्हाय. आज सकाळी मला घरातनं वढून आनलं, तवा कळलं की माझी होडी पायरीला हाय म्हनून. ती बी बघू देईनात.”

“लबाड बोलतंय मॅडम,” पाटील म्हणाले. “आयतवारी सांजला ह्याची होडी ह्याला परत दिली. ज्यानं दिली त्योच सांगतोय.”

“कोण तो?”

पाटील हसले. पिराजीनं खाली मान घातली.

“कृष्णात,” तो म्हणाला. “माझ्या भनीचा पोरगा. शेडाची किल्ली त्येच्याकडंच असती. त्येचा बाप गेल्यावर धा वर्सं माझ्या घरात वाढलाय. वल्हं कसं धरायचं ते मी शिकिवलं त्येला.”

“मग तुमच्याविरुद्ध तो खोटं कशाला बोलेल?”

“त्ये त्येलाच इचारा की, मॅडम.”

३

कृष्णात बोटींच्या शेडापाशी उभा होता. सव्वीस वर्षांचा गडी, अंगात नारिंगी जॅकेट, त्यावर ‘व्यवस्थापक’ असा कोरा करकरीत बिल्ला. कालपर्यंत, गेली पाच वर्षं, तो इथं नुसता बोटी हाकणारा राखणदार होता, हे शिवगंगेला वाटेतच कळलं होतं.

“काल सांजला सा वाजता होडी पान्यात सोडली,” तो पाठ केल्यासारखं म्हणाला. “दोर मामाच्या हातात दिला. रातभर होडी पान्यातच हुती. सकाळी आलो तर मासं मेल्यालं. होडी पायरीला. जाळ्याखाली डबा.”

“रात्रभर पाण्यात होती?”

“व्हय की.”

“नक्की?”

“आईच्यान्.”

होडी चढावर दोन ओंडक्यांवर ठेवली होती. लाकडाची, जुनी, डांबरानं काळी केलेली. शिवगंगा वाकली. होडीच्या सावलीत तिनं पाय ठेवला तेव्हा तिच्या चपलांवर उन्हाच्या चार-पाच बारीक रेघा पडल्या. तिनं पाय मागं घेतला, पुन्हा पुढं केला. रेघा होत्याच. वर ऊन, खाली सावली, आणि मधल्या होडीच्या तळातून ऊन गळत होतं.

कृष्णात तिच्या चपलांकडं बघून पटकन दुसरीकडं बघायला लागला.

पाणवाटेच्या तोंडाशी, त्या ओल्या सिमेंटच्या खांबांजवळ, धुण्याची बादली घेऊन एक बाई बसली होती. सकाळपासून बसलेली, धुणं तसंच. चिमणाबाई, कृष्णातची आई, पिराजीची बहीण.

“मुलगा काल घरी कधी आला?” शिवगंगेनं शेजारी बसत विचारलं.

“दिवं लागल्यावर.”

“मामाला होडी दिली म्हणून काही बोलला?”

चिमणाबाई बादलीतलं लुगडं उगाचच पिळत राहिली. “जेवला न्हाय,” ती म्हणाली. “मटन केलतं. ताटाकडं बघून उठला.” मग बादली पुढ्यातून सरकवली. “मला काय इचारू नगा बाई. हिकडं पाठचा हाय, तिकडं पोटचा. मी कुनाकडं बघू?”

तिचा भाऊ गुन्हेगार ठरला तर त्याचं जाळं जाणार होतं, म्हणजे त्याची चूल जाणार होती. आणि हिची पाणवाट. हे तिलाही कळत होतं, शिवगंगेलाही. तरी तिनं आणखी विचारलं नाही. आईला कोपऱ्यात गाठून बोलतं करायचं हा प्रकार तिला पोलिसांनी केला तरी कधी आवडला नव्हता.

ती उठून परत मारुतीच्या देवळाकडं गेली. पिराजीला तिनं बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. त्यानं चार वाक्यांत उत्तर दिलं. ते ऐकून शिवगंगा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

४

गळ टाकून मासे धरणाऱ्या शहरातल्या हौशी मंडळींचा एक क्लब होता. त्याची सचिव सुष्मिता पाटणे. डोक्याला मोठी टोपी, रुमालाला अत्तर. त्या दुर्गंधीत ते अत्तर मिसळून जे काही तयार झालं होतं ते आणखीच मळमळ आणणारं होतं.

“कोरे म्हणजे गडहिंग्लजच्या का तुम्ही? म्हणजे आपल्यातल्याच की,” ती गोड आवाजात म्हणाली. “मॅडम, मी नदीसाठी इतकं करते ना, आणि हे लोक असं करतात. मला तर रडूच आलं सकाळी. व्हिडिओ पण केला मी रडतानाचा.”

“काल मासे सोडतानाचे फोटो आहेत?”

“आहेत ना!” तिनं मोबाइल पुढं केला. पहिल्या फोटोत बक्षीस वाटायला आलेले प्रमुख पाहुणे दोन्ही हातांत मासा धरून पाण्याकडं वाकलेले. दुसऱ्यात अमरसिंह. तिसऱ्यात स्वतः सुष्मिता, डोळे मिटून, नमस्कार केल्यासारखी. तिघांच्या हातात चांगला दोन किलोचा एकेक रोहू.

“सगळे असेच सोडले? एकेक करून?”

“एकेक करून. साठच्या वर होते. किती वेळ गेला, मॅडम!”

शिवगंगेनं चष्मा वर सरकवून फोटो बोटांनी मोठा केला. पाहुण्यांच्या माशाच्या शेपटीत खालच्या बाजूला एक खाच होती. नखाएवढी, अर्धगोल. अमरसिंहांच्या माशाच्या शेपटीतही तीच खाच. सुष्मिताच्याही.

“फोटो फार छान आलेत,” ती म्हणाली. “मला पाठवा. पाहुणे किती वाजता आले होते?”

“अकराला येणार होते, सव्वातीनला आले. मोठ्या माणसांचं तसंच असतं हो.”

“म्हणजे सकाळी सातपासून धरलेले मासे सव्वातीनपर्यंत कुठं होते?”

“पाण्यातच की. बक्षिसाच्या वेळी दिसायला हवेत ना सगळे. एक मोठं... टाकीसारखं होतं.”

“टाकीसारखं म्हणजे?”

सुष्मितानं रुमाल नाकाला लावला. “ते अमरसिंहदादांनी आणलं होतं. मला नाही माहीत त्यातलं.”

शिवगंगा पायऱ्या उतरली. एक काठी घेतली आणि एकेक मेलेला मासा उलटा करून त्याची शेपटी बघत निघाली. वरून माणसं बघत होती, कुणी हसत होतं, कुणाला तरी ओकारी आली. चाळीस झाले, पन्नास झाले. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. चोपन्नाव्या माशापाशी काठी थांबली.

खालच्या बाजूला, नखाएवढी, अर्धगोल.

५

अमरसिंहांनी मांडवात चहा मागवला. शिवगंगेनं पेला हातात घेतला आणि तोंडाला न लावता खाली ठेवला. तिचं लक्ष मांडवामागच्या गवताकडं होतं. तिथं दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा मोठा गोल घेर गवतावर दबलेला होता. आणि त्या घेरापासून घाटाच्या पायरीपर्यंत मुंगळ्यांची जाड रांग लागली होती.

“इथं गोड काय सांडलं?” तिनं विचारलं.

“जेवनात जिलेबी हुती की.”

“मुंगळे पाण्यापर्यंत गेलेत. जिलेबी नदीला वाढली का?”

अमरसिंह हसले, पण हसू गालापर्यंत आलं नाही. नदीपलीकडच्या शेतात गुऱ्हाळाचा धूर निघत होता. नाळगावात ह्या मोसमात गुऱ्हाळं सहाच चालू, आणि हे अमरसिंहांचं. उसाचा रस ज्या अवाढव्य लोखंडी कढईत आटवतात तिला ह्या भागात काईल म्हणतात. पूर आला की हीच काईल होडीसारखी पाण्यात सोडून माणसं बाहेर काढतात, हे इथलं जुनं शहाणपण. म्हणजे काईलीत पाणी भरून मासे सोडावेत हेही इथल्याच माणसाला सुचणार.

“मॅडम,” अमरसिंह आवाज खाली आणून म्हणाले, “तुमची नोकरीची किती वर्षं राहिली? सात? ह्या वयात चंदगडला बदली झाली तर सोसायचं न्हाय. चार महिने नुसता पाऊस. पाहुण्यांच्या एका फोनचं काम हाय बघा. त्यापेक्षा सही करा, घरी जावा. एका जाळंवाल्यासाठी कशाला जीव काढता?”

शिवगंगेला वाटलं, उठावं आणि मघाचा तो चोपन्नावा मासा ह्याच्या पांढऱ्या शर्टावर फेकून मारावा. तिनं तसं केलं नाही. सरकारी माणसाला पुष्कळ चांगल्या गोष्टी करता येत नाहीत.

“चंदगडला मी सहा वर्षं काढलीत, अमरसिंहराव,” ती म्हणाली. “तिथल्या पावसात माणसं निदान धुऊन तरी निघतात. चला, चार वाजले. आणि पिराजीची होडी पाण्यात सोडायला सांगा.”

“होडी? कशाला?”

“तुम्हाला तिच्यातून एक फेरी मारायची आहे.”

६

घाटावर दोनशे-अडीचशे माणूस जमलं होतं. ग्रामसेवक ठरावाचा कागद घेऊन बसला होता. पिराजीला आणून खालच्या पायरीवर बसवलं, आणि त्याच्या शेजारी सगळ्यांनी हातभर जागा सोडली.

“ठरावाच्या आधी एक काम आहे,” शिवगंगा मोठ्यानं म्हणाली. “कृष्णात सांगतो की ही होडी काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाण्यात होती. हो ना रे?”

“व्हय.”

“मग वल्हं घे. अध्यक्ष, बसा. डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन या. काल सगळं गाव बोटीत फिरलं, आज तुम्ही फिरा.”

लोक हसले. एवढ्या माणसांत नाही म्हणणं अमरसिंहांना जमण्यासारखं नव्हतं. ते पांढरे बूट सांभाळत होडीत बसले. कृष्णात मात्र काठावरच थिजला. “मॅडम, नको,” तो पुटपुटला. “चढ की लेका,” गर्दीतून कोणीतरी ओरडलं, तसा चढला.

वल्ह्याचे दहा हात झाले नसतील. अमरसिंहांनी पाय वर घेतले. मग ते उभेच राहिले. तळाच्या फटीफटीतून पाणी आत येत होतं. पांढरे बूट गेले, घोटे गेले. “मागं घे! आरं मागं घे भाड्या!” अमरसिंह ओरडले. होडी काठाला लागली तेव्हा ते नडगीपर्यंत त्या मेलेल्या माशांच्या पाण्यात उभे होते. सगळा घाट हसत होता. पिराजी तेवढा हसत नव्हता.

“पिराजी, आता सांगा ह्यांना,” शिवगंगा म्हणाली. “मला सकाळी सांगितलंत ते.”

पिराजी उभा राहिला. “लाकडाची होडी पान्यातच ठिवायची असती,” तो म्हणाला. “भाईर काढून चार दिस पत्र्याखाली ठिवली की लाकूड आटतं, फटी पडत्यात. परत पान्यात सोडली की पयल्यांदा पानी खाती. रातभर पान्यात ऱ्हायली की लाकूड फुगतंय, फटी मिटत्यात. सकाळी थेंब येत न्हाय. मग अर्धा दिस भाईर ठिवली तरी त्या फटी उघडत न्हाईत. फायबरला ह्यातलं काय लागत न्हाय.” एवढं बोलून तो भाच्याकडं न बघता खाली बसला.

“म्हणजे ही होडी काल रात्री पाण्यात नव्हती,” शिवगंगा म्हणाली. “गुरुवारपासून आज पहाटेपर्यंत ती शेडात होती, कुलपात. तिच्यात डबा ठेवला तो शेडात. आणि किल्ली एकाकडंच आहे. पाच वर्षं फायबरच्या बोटी हाकून तो लाकडाची होडी विसरला.”

सगळ्या घाटाचे डोळे कृष्णातकडं वळले.

“आता मासे. विष घातलं तर आधी बारकी मासोळी मरते, खेकडे मरतात. इथं खेकडा जिवंत, मासोळी जिवंत. वरून कुणी कारखान्याचं पाणी सोडलं म्हणावं, तरी तसंच. मेलेत ते नुसते मोठे मासे, आणि जेवढे मी पाहिले तेवढ्या प्रत्येकाच्या जबड्यात गळाचं भोक. विष काय भोकं बघून मारतं? हे कालच्या स्पर्धेतले मासे आहेत. ते सोडलेच नाहीत. पाहुणे येईपर्यंत आठ तास उन्हात एका काईलीत कोंबून ठेवले. गुऱ्हाळावरून उचलून आणलेली काईल, नीट धुतलीसुद्धा नाही. मांडवामागं जा, मुंगळे अजून चाटतायत. साठ-सत्तर मासे, तेवढंच पाणी, वर गुळाची खरवड. गुदमरून मेले बिचारे. एक कसाबसा जिवंत उरला होता. त्याला पाण्यात सोडायचा फोटो पाहुण्यांनी काढला, परत धरला, अध्यक्षांनी काढला, परत धरला, आणि मग ह्या बाईंनी डोळे मिटून काढला.” तिनं मोबाइल ग्रामसेवकाच्या हातात दिला आणि खाच असलेला मासा कागदावर ठेवून त्याच्या पुढं सरकवला. “ही शेपटी बघा. तीन फोटोंत एकच मासा. शेवटी तोही मेला. अंधार पडल्यावर काईल डोहात उपडी केली. सकाळी तरंगले.”

सुष्मिता टोपी पुढं ओढून गाडीकडं निघाली होती. तिला कुणी अडवलं नाही, पण वाटही कुणी सोडली नाही.

“आणि मेलेच आहेत तर वाया कशाला घालवा? पिराजीच्या माथी मारले की जाळंही गेलं आणि पाणवाटही गेली. सगळी नदी बोटींना मोकळी. आई म्हणे! असल्या आईला तिकीट लावणारी तोंडं मी फ्लेक्सवर सतरा मोजली. मला ओकारी मघापासून येतीय ती माशांची नाही.”

“हे सगळं कृष्णातनं केलंय,” अमरसिंह तडकाफडकी म्हणाले. ओल्या पँटीतून पाणी गळत होतं. “मला कायसुदिक म्हाईत न्हाय. डबा त्यानं ठेवला, त्याचं त्यो बघंल.”

कृष्णातनं त्यांच्याकडं बघितलं. “तुमीच दिलासा की डबा,” तो म्हणाला. “तुमीच म्हनलासा, मामाला काय हुत न्हाय, परवाना तेवढा जातोय. कायम करतो म्हनलासा. बिल्ला दिलासा.”

कुणीतरी थुंकलं. ग्रामसेवकानं ठरावाचा कागद घडी करून पिशवीत घातला. फाटक कुणी मागितलं होतं हे अचानक कुणालाच आठवेना. खांबांतलं सिमेंट मात्र एव्हाना वाळलं होतं.

शिवगंगा पायरीवर बसून नवा पंचनामा लिहायला लागली. स्पर्धेची अट मोडली, परवानगी रद्द करावी. अमरसिंह इंगवले. सुष्मिता पाटणे. पोलिसांकडं फिर्याद. खोटा पुरावा ठेवणारा इसम... इथं तिच्या कागदावर सावली पडली. पिराजी समोर उभा होता.

“त्येचं नाव नका घालू, मॅडम,” तो म्हणाला. “भनीचं एकुलतं एक हाय. नवऱ्याच्या मागं तिनं त्येच्याकडं बघून दिस काढलं. मी काय तक्रार करत न्हाय.”

शिवगंगेचा हात थांबला. आणि थांबला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. सकाळपासून ज्याच्यावर थुंकलं त्यानंच हात जोडावेत, हे बघणं तिला त्या मेलेल्या माशांपेक्षा जड गेलं.

“लिवा.”

चिमणाबाई त्या दोन खांबांच्या मधून खाली आली होती. धुण्याची बादली हातातच. पोराकडं तिनं पाहिलं नाही. भावाच्या सदऱ्यावरच्या त्या लाल डागाकडं पाहिलं.

“लिवा बाई. कृष्णात दत्तू भोई. वय सव्वीस. आईचं नाव चिमणाबाई, ते बी लिवा. सकाळी मी बोलले न्हाय. त्ये बी माझ्या नावावर लिवा.”

शिवगंगेनं लिहिलं. कृष्णातनं पुढं येऊन सही केली. बिल्ला त्यानं काढला, पण कुठं ठेवायचा ते त्याला कळेना, म्हणून मुठीतच धरून राहिला.

पिराजी होडीपाशी गेला. सुकलेली होडी पुन्हा पाण्याजोगी करायची तर ती काठालगत उथळात बुडवून, वर धोंडे ठेवून रात्रभर भिजत घालावी लागते. एका माणसाला ती हलणार नव्हती. कृष्णातनं ते पाहिलं, बिल्ला खिशात टाकला आणि धावत जाऊन होडीच्या कडेला हात घातला.

“हात लावू नगंस,” पिराजी म्हणाला.

तो ओरडला नाही. शेजारच्या माणसाला सरक म्हणावं तसं म्हणाला. कृष्णातनं हात काढला आणि तिथंच गुडघाभर पाण्यात उभा राहिला. चिमणाबाईनं बादली पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि होडीची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती पाण्यात ढकलली. कृष्णात त्या दोघांकडं बघत होता, आणि वर बसलेलं सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं.